जिनातल्या थेटरात नलूचं पाहणं

आमच्या थेटराच्या इतिहासात माझ्या नावाचा उल्लेख नाही. तो येऊ नये म्हणून मामाजींनी स्वतः मेहनत घेतली होती.

मामाजी म्हणजे माझे सासरे. यवतमाळातल्या त्या थेटराचे बिनपगारी चिटणीस. ('बिनपगारी' हा सासूबाईंचा शब्द. मामाजी 'मानद' म्हणत.) थेटराच्या पाटीवर काहीतरी भारदस्त संस्कृत नाव होतं, पण ते पाटी रंगवणाऱ्याला आणि मामाजींनाच ठाऊक. गाव म्हणे 'जिनातलं थेटर'. कारण आधी तिथं कापसाचं जीन होतं. मालकानं सरकी काढायची यंत्रं दुसरीकडं हलवली, मागं लांबच लांब शेड उरली, आणि ती गावातल्या चार नाटकवेड्यांच्या हाती लागली. एका टोकाला चौथरा बांधला, पडदा टांगला, झालं थेटर!

वर टिनाचं छप्पर. पावसाळ्यात ते असं वाजे की खालचा तबलजी हात जोडून बसे. उन्हाळ्यात आत माणूस पापडासारखा भाजून निघे. म्हणून सगळे कार्यक्रम हिवाळ्यात. नाटकं, शाळेची संमेलनं, कीर्तनं, भीमगीतांचे जलसे, सगळं तिथंच. यंत्रं जाऊन वर्षं लोटली होती, तरी छपराच्या कैच्यांमध्ये कापूस अडकलेला होताच. एकदा एका नामी गवयानं वरचा सा लावला आणि वरून मुठीएवढा पुंजका तरंगत खाली निघाला. गाणं राहिलं बाजूला, सगळं थेटर माना वर करून तो कुठं उतरतो ते पाहत बसलं. गवयाच्या उघड्या तोंडात उतरला नाही, एवढीच त्या दिवसाची कमाई!

पडदा एकच. त्यावर अरण्य रंगवलेलं. त्यामुळं राजाचा महाल असो की वकिलाचा दिवाणखाना, मागं झाडी, आणि झाडीतून डोकावणारा एक वाघ. आम्ही आधी मध्य प्रदेशात होतो, मग मुंबई राज्यात गेलो, मग महाराष्ट्रात आलो. प्रत्येक वेळी मामाजींनी पाटी नवी रंगवून घेतली. वाघ मात्र तोच राहिला.

आणि खुर्च्या? खुर्च्या थेटराला कधीच नव्हत्या. कार्यक्रम असला की सभासदांच्या घरून येत. प्रत्येकीच्या पाठीवर मालकाचं नाव रंगवलेलं. दुसऱ्याच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला उठवताना मी सभ्य सभ्य वकिलांना हातघाईवर आलेलं पाहिलंय. आमचं घर थेटराच्या मागच्याच गल्लीत, त्यात मामाजी चिटणीस. त्यामुळं कार्यक्रमाच्या दिवशी आमच्या घरातून खुर्च्या, दिवाण, सतरंज्या, आरसा, झाडून सगळं जाई. एकदा पाहुण्यांना सासूबाईंनी उलट्या परातीवर बसवल्याचं ऐकलं आहे. मी तेव्हा लग्न होऊन आले नव्हते, नाहीतर तेही माझ्याच नावावर गेलं असतं.

मी कळंबची. चिंतामणीच्या देवळात भजन ऐकलं होतं, कीर्तन ऐकलं होतं. मैफल नावाचा प्रकार माहीत नव्हता आणि तंबोरा जवळून कधी पाहिला नव्हता. हे आधीच सांगून टाकते. पुढं जे झालं त्यात माझी बाजू एवढीच आहे.

माझी नणंद नलू माझ्याच वयाची. चारचौघांत मी तिला 'नलूबाई' म्हणे आणि माडीवर गेलो की 'नले'. तिला तोवर सात जणांनी पाहिलं होतं. एकाला ती उंच वाटली, एकाला सावळी, एकाला जास्त बोलकी, एकाला फार गप्प. सातव्यानं काही कारणच दिलं नाही. तेच तिला जास्त लागलं. त्या दिवशी तिनं चहाचा ट्रे मोरीत नेऊन आपटला आणि म्हणाली, "वहिनी, आता एकच वेळ. आठव्यानं नाही म्हटलं, तर हा ट्रे मी पुन्हा हातात घेणार नाही. मग बाबा रडू दे, आई रडू दे."

आठवं स्थळ बाभुळगावचं. मुलगा तिथल्या शाळेत मास्तर. वडील नाहीत, मामा-मामी त्याला घेऊन येणार. पत्र आलं, 'रविवारी दुपारी येतो.' मामाजींनी पत्र वाचलं आणि मटकन खाली बसले. त्याच रविवारी संध्याकाळी थेटरात बुवांचं गाणं! बुवा फार मोठे. नाव सांगत नाही, कारण घराण्यातली मंडळी अजून गातात. त्यांची तारीख मिळवायला मामाजींनी दोन वर्षं पत्रं लिहिली होती.

"बाभुळगाववाल्यांना पुढच्या आठवड्यात बोलवा," सासूबाई म्हणाल्या.

"आन त्यायनं दुसरीकडं पोरगी पसंत केली मंग?"

"मग बुवांना बोलवा पुढच्या आठवड्यात."

मामाजींनी सासूबाईंकडं असं पाहिलं, जणू त्यांनी चिंतामणीच्या मूर्तीला पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं असावं.

शेवटी तोडगा निघाला. घरात बसायला काही उरणार नाही, तर पाहण्याचा कार्यक्रमच थेटरात करायचा! रंगमंचामागच्या खोलीत आमचाच दिवाण, आमच्याच खुर्च्या, आमचाच आरसा. साडेतीनला पाहुणे, पाचला गाणं. "गाणंही ऐकतीन बिचारे," मामाजी खूश होऊन म्हणाले.

रविवारी मामाजी बुवांना आणायला निघाले. बुवा धामणगाव स्टेशनवर उतरून मोटारीनं येणार होते. 'आमचे हे', म्हणजे माझे यजमान, पुढच्या दारावर तिकिटं फाडायला. सासूबाई आणि नलू घरी फराळाच्या तयारीत. मागच्या दारावर कोण? मी.

जाता जाता मामाजींनी मला समजावलं, "सूनबाई, ध्यान दे. मुलाकडचे आले की आतल्या खोलीत बसव, मान ठेव. तंबोऱ्यावर बसाले घाटंजीचे एक मास्तर येतीन, त्यायले सरळ मंचावर बसव. आन भोपळ्याले जपजो! मागच्या साली इथं तंबोऱ्याचा भोपळा फुटला, तं गवई न गाताच गेले. यंदा भोपळ्याले काही झालं, तं बुवा माह्या डोक्याचा भोपळा करतीन."

मी 'हो' म्हटलं. कळलं का, असं त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

साडेतीनच्या आतच मागच्या दाराशी टांगा थांबला. त्यातून दोघं उतरले. एक तिशीतला, गोरापान, कुरळे केस, रेशमी कुडता, कानात अत्तराचा फाया. दुसरा पन्नाशीचा, झुबकेदार मिशा. नवरदेव आणि मामा! यात न कळण्यासारखं काय होतं? मामी दिसत नव्हत्या, पण असतील आजारी. सोबत दोन मोठी गाठोडी आणि एक पेटी होती, ती टांगेवाल्यानं आत नेऊन ठेवली. एवढं सामान? पाहायला आलेत की राहायला? पण आपण मुलीकडचे, आपण कशाला बोला!

"या, या. वाटेत त्रास नाही ना झाला?"

"छे हो. बाकीचे मागून येताहेत. आम्ही पुढं निघालो," तरुण म्हणाला. आवाज गोड होता. मी मनात नलूच्या शेजारी त्याला उभाही करून पाहिलं.

मी त्यांना दिवाणावर बसवलं. गल्लीतल्या पोरीला घरी पिटाळून निरोप धाडला, 'पाहुणे आले.' पाच मिनिटांत आलूबोंडे आले, शिरा आला. दोघं असे जेवले की, पाहणं मोडलं तरी स्वैपाक पसंत पडल्याची खात्री झाली.

तेवढ्यात दारावर पुन्हा थाप. बाहेर एक उंच, सावळासा माणूस. बुशशर्ट धुळीनं माखलेला, कपाळावर घाम, आणि छातीशी दोन्ही हातांनी धरलेलं, फडक्यात बांधलेलं काहीतरी भलं मोठं गोल.

"मास्तर ना तुम्ही?" मी विचारलं.

"हो," तो दचकून म्हणाला.

"आणि हे...?"

"भोपळा आहे."

भोपळा! मी आधी फडक्यावरून हात फिरवून पाहिला. कुठं तडा नव्हता. दांडी काही दिसेना, पण ती बुवा आणत असतील. खाटेचे पाय वेगळे आणि चौकट वेगळी नेतात, तसं भोपळा एकानं आणायचा, दांडी दुसऱ्यानं, आणि इथं आल्यावर जोडायचं! (हसू नका. त्या वेळी ते मला फार शहाणपणाचं वाटलं होतं.)

"आईनं दिला," तो म्हणाला.

"आईंचा का? म्हणजे पिढीजात!"

"पिढीजात म्हणजे... दरवर्षीच होतो आमच्याकडं."

"दरवर्षी नवा?"

"हो. यंदा चांगला धरला. गोड आहे."

मी मान डोलावली. गोड म्हणजे सूर गोड, एवढं कळंबच्या माणसालाही कळतं.

"मामा-मामी मागून येऊन राह्यले," तो सांगू लागला, "मोटार बिघडली, म्हणून मी चालत पुढं..."

"येऊ द्या त्यांना. पुढच्या दारानं. तिकीट काढावं लागेल म्हणा," मी म्हटलं, "तुम्ही चला."

त्याचा चेहरा जरा पडला, पण तो मुकाट्यानं मागं आला. मी त्याला मंचावर नेलं. पडदा पाडलेला होता. बैठकीच्या मागच्या कोपऱ्यात त्याला मांडी घालून बसवलं. भोपळा त्याच्या हातातून अलगद घेतला आणि बैठकीच्या मधोमध, लोडाला टेकवून ठेवला. उघडा कसा ठेवायचा? बुवांच्या सत्काराची शाल तिथंच ताटात होती. ती त्याच्यावर पांघरली.

"इथून हलायचं नाही," मी बजावलं, "सगळ्यांना तुम्ही इथूनच दिसाल."

"सगळ्यांना?" त्यानं विचारलं.

"हो. तीनशे तरी लोक येतील."

बिचाऱ्यानं केसांवरून हात फिरवला आणि ताठ बसला.

मी खोलीत परत आले तर नलू ट्रे घेऊन येत होती. निळं पातळ, मान खाली. तिनं पाहुण्यांपुढं चहा धरला. नवरदेवानं कप उचलला आणि दुसरा हात तिच्या डोक्यावर ठेवला. "सुखी राहा, बेटा."

बेटा? नलूनं माझ्याकडं पाहिलं. मी डोळ्यांनीच सांगितलं, शहरी पद्धत असेल!

मिशीवाले मामा म्हणाले, "गाता का बाई काही?"

हा प्रश्न सातही वेळा आला होता, त्यामुळं नलूची एक गौळण तयार असे. तिनं डोळे मिटले आणि गायला लागली. एरवी ती घाईघाईनं उरकायची. त्या दिवशी, शेवटचंच म्हणून असेल, मोकळी गायली. पहिलं कडवं झालं, आणि मामांनी मांडीवर थाप मारली. "वा! पण समेवर जरा दम धर. घाई नको." नलू तिथंच थांबली. कप उचलून झरझर खोलीबाहेर निघून गेली.

आता मुलाची चौकशी करायची म्हणून मी पुढं झाले. घरचं मोठं माणूस दुसरं होतंच कोण?

"काम काय करता?"

"साथ करतो."

केवढा नम्र माणूस! "कोणाची?"

"जो बोलावील त्याची. आज यवतमाळ, उद्या अकोला. एका जागी टिकणं आपल्याला नाही जमत."

मामा मिशीत हसले. "टिकत नाही म्हणूनच तर याला मागणी आहे!"

तरी धीर धरून विचारलं, "घरी कोण कोण?"

"आई, बायको, दोन मुली."

माझ्या हातातली शिऱ्याची बशी खाली पडली. दुसरी बायको करायला बंदीचा कायदा येऊन काही वर्षं झाली होती, आणि हा माणूस आमचे आलूबोंडे खाऊन, नलूचं गाणं ऐकून, वर सरळ तोंडानं सांगत होता! मी मागच्या दारानं जी धावत सुटले, ती थेट सासूबाईंच्या चुलीपुढं जाऊन थांबले.

"दोन पोरींचा बाप?" सासूबाई उठल्या. "आन माह्या नलूले पाहाले आला? चाल! दाखव मले तो कोण मेला आहे."

आम्ही दोघी थेटरात पोचलो तर दिवाण रिकामा. मंचाच्या कडेच्या पडद्याआड नलू एकटी उभी होती. पाच वाजत आले होते, मंचावर दिवे लागले होते. मामाजी बुवांना घेऊन आले होते आणि बुवा बैठकीवर बसायला वाकले होते. त्यांच्या एका बाजूला मिशीवाले मामा, पुढ्यात तबला! दुसऱ्या बाजूला रेशमी नवरदेव, पुढ्यात बाजाची पेटी!

"गातो पण का?" सासूबाई पुटपुटल्या. "आणखी काय काय करतो हा?"

माझ्या डोक्यात काहीतरी चमकायला हवं होतं. नाही चमकलं.

बुवांची नजर शालीकडं गेली. त्यांनी शाल उचलली. खाली लालभडक, बाभुळगावच्या काळ्या मातीतला, दहा शेरांचा भोपळा.

"चिटणीस, हे काय?"

मागच्या कोपऱ्यातला माणूसच हळूच म्हणाला, "कोहळं आहे जी." (आमच्याकडं लाल भोपळ्यालाही कोहळंच म्हणतात.)

बुवांनी क्षणभर विचार केला. मग हात जोडले. "दृष्ट लागू नये म्हणून ठेवलंय होय? फार वर्षांनी ही रीत पाहिली. असू द्या, असू द्या." आणि स्वतःच्या हातानं तो भोपळा त्यांनी मंचाच्या पुढच्या कडेला मांडला. मग सोबत आणलेला तंबोरा, चांगला अखंड, दांडीसकट, त्या माणसाच्या मांडीवर दिला. "चार तारा. एकीमागून एक. घाई नाही, थांबणं नाही. डोळे मिटून घ्या."

त्यानं घेतले. पडदा उघडला. सासूबाई पुढं झेपावणार, तोच मी त्यांचा पदर धरला. तीनशे लोकांपुढं चिटणिसांच्या बायकोनं पेटीवाल्याची गचांडी धरली असती, तर थेटराच्या इतिहासात एक वेगळंच पान निघालं असतं.

बुवांनी सूर लावला. आणि काय सांगू! त्या टिनाच्या शेडमध्ये असा सूर मी त्याआधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. सासूबाईसुद्धा शिव्या देता देता थांबल्या. मागचा तो माणूस डोळे गच्च मिटून तारा छेडत होता. चीज संपली, टाळ्या झाल्या, बुवा पाणी प्यायले, तरी हा चालूच! शेवटी बुवांनी मागं वळून त्याचा हात धरला तेव्हा थांबला.

नलू माझ्या कानाशी लागली. "वहिनी, तो तंबोरेवाला पाहा ना. सांगितलं तेवढंच करून राह्यला, पण किती मन लावून!"

"गप बस," मी म्हटलं, "तंबोरेवाल्याशी कोणी लग्न करतं का?"

इकडं पुढच्या दारावर निराळाच तमाशा. एक जोडपं धुळीनं भरलेलं आलं आणि आमच्या ह्यांनी तिकीट मागितलं.

"तिकीट कायचं? आम्ही पोरगी पाहाले आलो!"

"मुलाकडचे तर केव्हाच आले," हे म्हणाले, "खाऊनपिऊन झालं त्यांचं."

"मंग आम्ही कोण?" असं म्हणत मामा आत घुसले. समोर मंचावर भाचा! "मधू! अरे मास्तर ना तू? गवई कधी झाला बे?"

लोकांनी 'शू शू' करून त्यांना खाली बसवलं. मधूनं डोळे उघडले नाहीत. त्याला तशी आज्ञाच होती.

मध्यंतरात आतल्या खोलीत सगळे जमले. बुवा कोपऱ्यात दूध घेत बसले होते. सासूबाई सरळ पेटीवाल्यापुढं उभ्या राहिल्या.

"लाज नाही वाटत? घरी बायको, दोन पोरी!"

"त्यात लाज कसली, आई?" तो भांबावला. "तिसरं व्हायचंय फाल्गुनात."

सासूबाई खुर्चीत कोसळल्या. नेमके तेव्हाच बाभुळगावचे मामा भाच्याचा दंड धरून आत आले. "चिटणीस कोण? आमच्या मधूले पाहाले बोलावलं आन गड्यासारखं कामाले लावलं? घरच्या कोहळ्याची बी इज्जत नाही ठेवली!"

मामाजींनी पेटीवाल्याकडं पाहिलं. मधूकडं पाहिलं. बाहेर मांडलेल्या भोपळ्याकडं पाहिलं. मग फार सावकाश माझ्याकडं पाहिलं.

"सूनबाई?"

मी तिथल्या तिथं जमिनीत गेले असते, पण थेटराची जमीन सिमेंटची होती.

"चाल मधू," मामा म्हणाले, "असल्या घरी नाही करायचं."

मी नलूकडं पाहिलं. आठवं स्थळ. आणि या वेळी ती उंच नव्हती, सावळी नव्हती. या वेळी मी होते. असं रडू आलं मला! पण रडायचाही हक्क राहिला नव्हता.

मधू मात्र हलला नाही. "मामा, थांबा जरा," तो म्हणाला. मग खोलीतल्या सगळ्यांना उद्देशून, "दुपारी पडद्यामागं मी बसलो होतो, तेव्हा आतून गौळण ऐकू आली. कोण म्हणत होतं?"

"मी," नलू म्हणाली.

"दुसरं कडवं राहिलं."

"यांनी मधेच वाहवा केली," नलूनं तबलजींकडं बोट दाखवलं.

तबलजी ओशाळले. कोपऱ्यातून बुवा म्हणाले, "मग म्हण की, पोरी. आम्हीही ऐकतो."

पेटीवाल्यानं न सांगता पेटी ओढली. आणि नलूनं दुसरं कडवं म्हटलं. ट्रे नव्हता, मान खाली नव्हती. सरळ मधूकडं पाहून म्हटलं. संपल्यावर मामींनी डोळ्याला पदर लावला.

"तुम्हाला मला काही विचारायचं?" मधू म्हणाला.

सात पाहण्यांत हे नलूला कोणी म्हटलं नव्हतं. तिनं विचारलं, "तंबोरा येतो तुम्हाला?"

"नाही. आजच पाहिला."

"मंग काहून बसले तिथं?"

"मले वाटलं, यवतमाळात असंच पाहतात," मधू म्हणाला, "मुलाले मंचावर बसवून. तीनशे लोकं पाहतीन म्हणे. भेव वाटलं, पण म्हटलं, पोरींनाही असंच वाटत असंन."

बुवांना ठसका लागला. मग मामी हसल्या, मग मामाजी, आणि शेवटी बाभुळगावचे मामाही. नलू हसत नव्हती. ती माझ्याकडं वळून म्हणाली, "वहिनी, चहा आण. या वेळी ट्रे तू धर."

मध्यंतरानंतर बुवांनी मधूलाच पुन्हा तंबोऱ्यावर बसवलं. "याला काही येत नाही, म्हणून हा काही बिघडवतही नाही," म्हणाले. घाटंजीचे खरे मास्तर उशिरा येऊन पोचले होते. जागा भरलेली पाहून ते प्रेक्षकांत बसले. जाताना मला म्हणाले, "मुलाचा हात चांगला आहे. कोणाजवळ शिकला?" मी म्हटलं, "माझ्याजवळ." खोटं काय होतं त्यात?

पुढं बरीच वर्षं त्या मंचावर गाण्याच्या दिवशी एक कोहळं मांडत. बुवांनी दुसऱ्या गावी ही 'यवतमाळची रीत' सांगितली, आणि बाहेरून येणारे गवईच विचारू लागले, 'कोहळं कुठं आहे?' मामाजींनी थेटराच्या पंचविसाव्या वर्षी माहितीची एक पुस्तिका छापली. तिच्यात या प्रथेला अख्खा परिच्छेद आहे, प्राचीन परंपरा वगैरे. सुरू कोणी केली, त्या जागी फक्त 'अज्ञात' असं लिहिलं आहे. आता ते थेटर नाही. शेड पाडली, दुकानांच्या रांगा झाल्या. त्या बाजूनं गेले की माझी मान अजून आपोआप वर होते, कापूस उतरतोय का पाहायला.

नलू-मधूचं लग्न माघात त्याच थेटरात झालं, वाघाच्या पडद्यापुढं. सासूबाईंची कंबर धरली होती, म्हणून दारात नवरदेवाला ओवाळायचं काम माझ्यावर आलं. मामाजींनी तीनदा बजावलं, "सूनबाई, आता तरी नीट." मी पदर नाकापर्यंत ओढला, मान खाली घातली, आणि वाजतगाजत आलेल्या वरातीत सगळ्यांत पुढं, लाल मखमली कोट, सोनेरी झालर, चकचकीत बूट दिसले, तिथं ताट धरलं. मन लावून ओवाळलं. हात वर करून तोंडात साखर घातली. "भाऊजी, आमच्या नलीला जपा," मी म्हटलं.

त्या माणसानं साखर खाल्ली, तोंड पुसलं, आणि वाकून हळूच म्हणाला, "जपलं असतं बाई, पण नवरदेव मागं घोड्यावर आहे. मी क्लॅरनेट वाजवतो."